देव्हाऱ्याची मागची फळी

लोहारा, ता. ९ डिसेंबर १९६२

चि. नलूस,

बापाचा जयभीम. तुझी माय आर्णीला येऊन आज वीस दिवस झाले आणि तुझी एक ओळ नाही, म्हणजे बाळंतपण अजून व्हायचं आहे असं मी धरून चाललो आहे. जावयांना सांग, पोस्टकार्ड लिहायला मॅट्रिक व्हावं लागत नाही.

इकडची खबर अशी की तुझा बाप कारागीर झाला. दीड महिन्यामागे गावात जीप फिरली. चीनशी लढाई चालू आहे, देशाला सोनं द्या, असं भोंग्यावर सांगत होते. पाटलाच्या वच्छलाबाईने हातातले गोठ काढून दिले. आपल्या वस्तीतल्या बाया एकमेकींच्या हाताकडे बघत राहिल्या. आपल्याकडे पिवळं म्हणजे तुरीचं फूल, तेही दुसऱ्याच्या वावरातलं. पण हात तर आहेत. आरामशीनवर साग चिरताना सालीकडच्या वाकड्या फळ्या निघतात आणि चुलीत जातात. मालकाला विचारून मी त्या घरी आणायला लागलो आणि तिरंगे करायला बसलो. भिंतीवर लावायचे, लाकडाचे. कपड्याचा झेंडा रोज लावता येत नाही, हा कायमचा राहतो.

तीन पट्ट्या, मागे दोन आडवे तुकडे, आणि चहाच्या खोक्याचे वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केलेले. केशरी रंगाला मागच्या शिमग्याची वाळलेली पळसफुलं उकळतो, त्यात चिमूटभर चुना टाकला की रंग चढतो. पांढरा तर नुसता चुनाच. हिरवा म्हणजे कोणाच्या तरी दरवाजाचा उरलेला तेलरंग, आणि चक्राला कपड्याची नीळ डिंकात कालवून. वरच्या पट्टीची साल मी तशीच ठेवतो. लोकांना ती फार आवडते. फुकटात देशभक्ती म्हणतात मला.

पण खरं काम निराळंच झालं. शाळेच्या रामराव मास्तरांनी मोठं चक्र मागितलं, हातभर रुंदीचं. मी मोठ्या ऐटीत करून नेलं. त्यांनी बोट ठेवून आरे मोजले आणि म्हणाले, नागोराव, हा अर्धाच अशोक झाला. बैलगाडीच्या चाकाला बारा आरे असतात, हाताने सवयीने तेवढेच केले होते. लागतात चोवीस. आणखी बारा पातळ पट्ट्या काढायला गेलो तर सालीकडचं लाकूड चिरू लागलं. तेव्हा घरात नजर फिरवली आणि तो रिकामा देव्हारा दिसला. दीक्षा घेतली तेव्हाच त्यातले देव गेले, सहा वर्षं नुसता उभा. जुना साग, सरळ रेषेचा. तुझी माय कापूस वेचायला गेली होती तेवढ्यात सगळा सोडवला. खांबांचे आरे झाले. मागची फळी मात्र काळी पडली होती आणि ओरबाडलेली होती, उंदरांनी की कोणी, देव जाणे. देव म्हणायचं नाही, चुकलो. चार हात रंधा मारला आणि अशी लखलखीत निघाली की मी स्वतःवरच खूष झालो. तीच मधली चकती केली.

संध्याकाळी तुझ्या मायला दाखवलं. पाहिलं तिने. पाणी आणते म्हणाली आणि गेली. तिला कौतुक तोंडाने करायची सवयच नाही. मग आठ दिवसांनी ती तुझ्याकडे निघाली. बाळंतपण झालं की सव्वा महिन्यात तिला पाठव. मास्तर सव्वीस जानेवारीला चक्र शाळेत लावणार आहेत.

तुझा बाबा,
नागोराव

---

आर्णी, ता. २३ डिसेंबर १९६२

तीर्थरूप बाबांस,

नलूचा सविनय जयभीम. तुम्ही आजोबा झालात. चौदा तारखेला पहाटे मुलगी झाली. नाव जया ठेवलं. रंग तिच्या वडलांवर गेला आहे आणि आवाज तुमच्यावर. मी बरी आहे. मायने सगळं केलं, सुईणीलाही हात लावू दिला नाही.

तुमचं पत्र मायला वाचून दाखवलं. सगळं नाही वाचलं. ती शेक द्यायच्या गडबडीत होती. तिचे पाय सुजतात म्हणून सव्वा महिन्यात येणं होईल की नाही ते आता सांगता येत नाही. ती इथे राहिली तर मलाही आधार आहे.

बाबा, एक विचारायचं होतं. ती मागची फळी तुम्ही पूर्ण रंधली का? म्हणजे दोन्ही बाजूंनी? की एखादा तुकडा तसाच राहिला आहे? असेल तर टाकू नका.

यांचा नमस्कार.

नलू

---

लोहारा, ता. ६ जानेवारी १९६३

चि. नलू,

अनेक आशीर्वाद, आणि जयाला दोन जास्त. मला तीर्थरूप लिहीत जाऊ नको. तीर्थ सोडून सहा वर्षं झाली, रूप कधी नव्हतंच. नुसतं बाबा लिही.

नात झाल्याचं मी आरामशीनवर सगळ्यांना सांगितलं. गूळ वाटला. घरी येऊन पुन्हा सांगायला कोणी नव्हतं म्हणून शेजारच्या मानीबाईच्या ओट्यावर जाऊन सांगून आलो. ती म्हणाली, तिसऱ्यांदा सांगता भाऊजी.

माझी काळजी करू नको. भाकरी मी करतो. पहिल्या आठवड्यात ती पाहून कुत्रंही विचारात पडायचं, आता गोल येते. तिरंगे नेणारे तर सारखे चालू आहेत. केळापूरचा एक कंडक्टर दोन घेऊन गेला. पोस्टातल्या शिपायाने 'जय हिंद' अक्षरं पाडून पाटी मागितली, ती खोक्याच्या फळीवर केली. लोक येतात, उभ्या उभ्या घेतात आणि जातात. मी बसा म्हणतो, पण प्रत्येकाला घर असतं. मग दार लावत नाही मी, आणखी कोणी येईल म्हणून. संध्याकाळी दिवा लावायची आठवण मला राहत नाही. तो नेहमी तुझी मायच लावायची.

फळीचं तू काय विचारतेस? दोन्ही अंगांनी रंधली, गोल कापली, कोपरे चुलीत गेले. तुला देव्हारा हवा होता का? तू तर शिकलेली आहेस. मायच्या पायाला एरंडाची पानं बांध. सूज म्हणजे काही मोठं दुखणं नव्हे, एस.टी.त बसायचं आहे फक्त. लोहाऱ्याच्या फाट्यावर मी उभा राहीन.

एस.टी.चा ड्रायव्हर लालसिंग आर्णीकडचा आहे. त्याच्या हाती एक लहान तिरंगा पाठवतो, जयासाठी. तुमच्या पुढच्या भिंतीला लावा.

बाबा

---

आर्णी, ता. १७ जानेवारी १९६३

बाबांस जयभीम.

तिरंगा मिळाला. फार सुबक झाला आहे. यांनी लगेच खिळा ठोकून लावला. शेजारचे पाहायला आले होते आणि सालीवरून हात फिरवून गेले.

माय सव्वीस जानेवारीला येणार नाही. थंडी फार आहे, जया रात्रीची जागते. तुम्ही वाट पाहत फाट्यावर उभे राहू नका.

पाय आता बरे आहेत. तुम्हाला मी खोटं लिहिणार नाही, पाय बरे आहेत. पण ती येते म्हणत नाही आणि मी जा म्हणू शकत नाही. दिवसभर काम करते, बोलते, जयाला हसवते. तिन्हीसांज झाली की तुमच्या तिरंग्याकडे पाठ करून बसते. मी दिवा लावते तेव्हा ती दुसरीकडे बघते. मी विचारलं तर म्हणते, काई नाई.

तुम्ही तिला काही विचारलं नाही का हो कधी? ती त्या रिकाम्या देव्हाऱ्यात रोज दिवा का लावायची?

नलू

---

लोहारा, ता. २९ जानेवारी १९६३

नलूस,

कार्यक्रम झाला. शाळेच्या मोठ्या खोलीत समोरच्या भिंतीला चक्र लावलं. मास्तरांनी माझं नाव घेतलं, नागोराव आरामशीनवाले, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. भगवानराव पाटील स्वतः उठून जवळ गेले आणि आरे मोजले, चोवीस भरले. माझ्या शेजारची जागा मी रुमाल टाकून धरून ठेवली होती. माय येणार नाही असं तू लिहिलं होतंस तरी धरली. एका बाईने विचारलं, इथे कोणी आहे का? मी रुमाल उचलला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती दिवा का लावायची हे मला विचारायची गरज नाही, सगळ्या वस्तीला माहीत आहे. मानीबाई मला तोंडावर म्हणाली, "भाऊजी, मथुराबाईच्या पोटातले जुने देव गेले नाईत अजून." मी मान खाली घातली. नागपूरला लाखो माणसांत उभं राहून आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तीही माझ्या शेजारी उभी होती, हात जोडून. घरी येऊन देव मी काढले तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या खोक्यात दिवा. मी सहा वर्षं गप्प बसलो. सहा वर्षं लोकांचं ऐकलं. त्या लाकडाचं काही चांगलं केलं तर ही माहेरवाशिणीसारखी लेकीकडे जाऊन रुसली.

तिला सांग, मी देव परत आणणार नाही. देव हवे असतील तर या घरी येऊ नये. असं लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहितो.

नागोराव

---

आर्णी, ता. ४ फेब्रुवारी १९६३

बाबा,

तुमचं पत्र मी मायला वाचून दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही. तिने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे.

त्या देव्हाऱ्यात देव नव्हते, हे खरं. भीमराज होता.

तुम्हाला आठवत असेल नसेल, १९५० साली मी चौथीत होते आणि तो पहिलीत जायला लागला होता. मी त्याला घरी अक्षरं शिकवायची. पाटी फुटली होती म्हणून तो दिसेल तिथे लिहायचा, राखेत, भिंतीवर. एक दिवस त्याने खिळा घेऊन देव्हाऱ्याच्या मागच्या फळीवर नाव कोरलं, देवांच्या मागे, कोणाला दिसू नये म्हणून. भीमरा एवढंच. शेवटचा ज राहिला. नंतर तो गेला. त्याचा फोटो नाही. कपडे तुम्ही पुरताना बरोबर दिलेत. देव होते तोवर मायला ती अक्षरं दिसत नव्हती. देव गेले आणि फळी मोकळी झाली तेव्हा तिला सापडली. मला हाताला धरून नेलं आणि विचारलं, हे त्याचंच ना? तिला वाचता येत नाही. रेघा मात्र तिला पाठ होत्या. ती रोज तिन्हीसांजेला दिवा लावायची तो त्या रेघा दिसाव्यात म्हणून. बोट फिरवायची आणि दिवा बाजूला करायची. सहा वर्षं. उंदीर नव्हते, बाबा.

ती इथे आली त्या दिवशी मला म्हणाली, "त्यायले सांगू नोको नलू. त्यायच्या हातानं पुसल्या गेलं हे समजलं त जीव देतीन ते."

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती तुमच्यापासून लांब राहिली आहे. समोर राहिली तर तोंडून निघेल अशी तिला भीती वाटते. आणि तुम्ही तिला देवांवरून बोलता. मला राग आला म्हणून लिहिलं. बारा वर्षांत तुम्ही त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. मी घरात कधी काढलं तर उठून बाहेर जायचात. तिने कोणाजवळ बोलायचं होतं?

नलू

---

आर्णी, ता. ३ मार्च १९६३

बाबा,

महिना होत आला, तुमचं उत्तर नाही. मी फार कडक लिहिलं. लिहायलाच नको होतं, किंवा तसं तरी नको होतं.

लालसिंग सांगत होता की तुम्ही कामावर जाता पण तिरंगे करणं बंद केलं आहे. सुटी झाल्यावर शाळेच्या त्या खोलीत एकटे बसलेले दिसता म्हणाला. मायला मी हे सांगितलं. तिने विचारलं, जेवतात का?

नुसतं एक कार्ड टाका. काही लिहू नका त्यात, पत्ता लिहा फक्त.

नलू

---

लोहारा, ता. १४ मार्च १९६३

भीमराजच्या मायला,

नलू, हे पत्र मायला वाचून दाखव. मधलं काही गाळू नको. माझ्याबद्दल वाईट असलं तरी वाच.

मथुरा, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तुला पत्र लिहायची ही पहिली वेळ. समोर असतीस तरी मला हे बोलता आलं नसतं.

तो ज का राहिला ते नलूला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी कामावरून आलो. तू पाण्याला गेली होतीस. तो देव्हाऱ्यामागे अर्धा शिरून खिळा चालवत होता. मी पाय धरून त्याला बाहेर ओढला आणि तोंडात मारली. देवाच्या घरावर खिळा चालवतो म्हणून. तो रडला नाही. खिळा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, बाबा, एकच राहिलं होतं. आठव्या दिवशी त्याला पटकी झाली. यवतमाळच्या दवाखान्यात मी त्याला खांद्यावर नेत होतो, तो रस्त्यातच गेला. मला ते कळलं होतं. तरी मी अर्धा कोस तसाच चालत राहिलो, कारण थांबलो असतो तर मागे वळून तुझ्याकडे यावं लागलं असतं.

ज्या देवांसाठी त्याला मारलं ते देव मी सहा वर्षांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले. त्या दिवशी सगळी वस्ती आनंदाने घरी गेली. मलाही आनंद होता, खोटं नाही सांगत. पण मी पुलावर बराच वेळ उभा राहिलो. यांच्यासाठी मी पोराला मारलं, एवढंच मनात येत होतं. तेव्हा तू विचारलंस, काहून थांबले? मी म्हणालो, पाणी पाहतो.

आता रंध्याचं. नलूला मी लिहिलं उंदरांनी ओरबाडलं असेल. पहिला हात मारला तेव्हा काजळी गेली आणि एक वाटोळी रेघ वर आली. माझा हात थांबला. मी ओळखलं, मथुरा. पूर्ण नाही ओळखलं, पण हाताने ओळखलं. मला ते दिसायला नको होतं. म्हणून जोरात तीन हात मारले. तू तिथे रोज दिवा लावतेस ते त्या रेघेसाठी, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. तुला एवढ्याचीच आस होती हे समजलं असतं तर मी हात कापून घेतला असता.

नलूचं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत गेलो. मास्तरांनी काही न विचारता चक्र खाली काढून दिलं. चकती उलटी केली, चाकूने नीळ खरवडली. नुसतं लाकूड. फार चांगली रंधली होती मी. मास्तर म्हणाले, घेऊन जायचं तर न्या. मी परत वर लावायला सांगितलं. घरी नेऊन मी कोणाला दाखवणार होतो?

देवांवरून जे लिहिलं ते मागे घेतो. तू ये असं म्हणायला मला तोंड नाही. मला एवढंच सांगायचं होतं की तो गेला तेव्हापासून मी एकटाच नव्हतो आणि तूही एकटी नव्हतीस, पण आपण दोघं एकटे असल्यासारखे राहिलो. घर फार रिकामं आहे.

नागोराव

---

लोहारा, ता. २९ मार्च १९६३

चि. नलूस आशीर्वाद, जयाला गोड पापा.

तुझी माय काल दुपारी आली. तू कळवलं नाहीस, तिनेच कळवू नको म्हटलं असेल. मी आरामशीनवरून आलो तर ओट्यावर गाठोडं आणि ती दारात उभी. आत गेली नव्हती. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाली, शाळा दाखवा.

आम्ही गेलो. मास्तरांनी खोली उघडून दिली आणि स्वतः बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. ती चक्राखाली जमिनीवर बसली. मीही बसलो. बराच वेळ ती वर पाहत होती. मग म्हणाली, "लई उंच लावलं." मी म्हटलं, काढायला सांगू का? नको म्हणाली. काढून काय पाहायचं, त्यात आता काही नाही.

परत येताना पळसाच्या झाडांजवळ रस्त्यात ती थांबली. म्हणाली, "पत्रात लिवलं ते तोंडानं सांगा." मी म्हटलं, इथं? रस्त्यावर? ती म्हणाली, "हो, इथंच. मले वाचता येत नाई."

नलू, मी सांगितलं. लिहिताना जेवढं जड गेलं त्याच्या दहापट जड गेलं. तोंडात मारली इथपर्यंत कसाबसा आलो. एक बैलगाडी बाजूने गेली, गाडीवाल्याने वळून पाहिलं. मी भर रस्त्यात रडलो. तिने मला रडू दिलं. डोळ्याला पदर लावला नाही, हात धरला नाही, नुसती समोर उभी राहिली.

मग म्हणाली, "तुमी मारलं ते मले मालूम होतं. पाणी घेऊन आली तवा गाल लाल होता त्याचा. बोटं दिसत होती."

मी म्हटलं, मग बोलली काहून नाहीस?

"तुमी सांगसान म्हनून वाट पाहत होती," ती म्हणाली. "बारा वर्सं."

एवढं बोलून ती पुढे चालू लागली आणि मी तिच्या मागे. घरी आल्यावर तिने चूल पेटवली. माझी भाकरी पाहिली आणि काही बोलली नाही, ही तिची मोठी मेहरबानी.

आज मी कामावर गेलो नाही. सकाळपासून आम्ही त्याच्याबद्दल बोलत आहोत. तो मोटारीच्या मागे फाट्यापर्यंत धावायचा आणि ड्रायव्हरला सलाम ठोकायचा हे तिला ठाऊक नव्हतं, ते मी सांगितलं. तो झोपेत माझं नाव घ्यायचा हे मला ठाऊक नव्हतं. बाबा नाही म्हणायचा, नागोराव म्हणायचा, आरामशीनचा मालक हाक मारतो तसा. ते तिने आज सांगितलं. आणखी पुष्कळ आहे म्हणते. पत्र इथेच थांबवतो, ती आतून हाक मारते आहे.

बाबा